वन्समोअर आला की माझ्या पोटात गोळा येतो

मी कार्यक्रमांचे लाइट्स करतो. तीन रात्री जागून चौदा गाण्यांचे लाइट्स ट्रॅकला, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या संगीताला बांधले. इंटरफेसच्या, म्हणजे ट्रॅकचा आवाज बाहेर काढणाऱ्या डब्याच्या, पहिल्या दोन आउटपुटना संगीत, तिसऱ्याला ड्रमरच्या कानातली क्लिक, म्हणजे तालाची टिकटिक, चौथ्याला टाइमकोड, म्हणजे ट्रॅक कुठवर आला हे सांगणारा सिग्नल. तो फक्त माझ्या कन्सोलसाठी, लाइट चालवायच्या यंत्रासाठी! आउटपुटवर टेप लावून मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘लाइट. हात लावू नये.’

साउंडवाल्या दादांनी काय केलं? चौथी लाइन रिकामी दिसली म्हणून स्पीकरला सोडली. टाइमकोड म्हणजे ऐकू येणारा सिग्नलच असतो हो, मिक्सरच्या भांड्यात खडा फिरावा तसा. पहिल्या रांगेतल्या आजींनी कानावर हात ठेवले आणि सगळ्यांनी बघितलं माझ्याकडे.

बरं, टाइमकोडची फाइल सेकंदाला २५ फ्रेमची हवी, असं शंभरदा सांगूनही ३०ची येते, तीही कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी. तेही निस्तरतो एक वेळ.

पण वन्समोअर! गायक खूश, हात वर करून म्हणतात, “चला, पुन्हा अंतऱ्यापासून!” ड्रमर ट्रॅक थांबवतो, अंदाजाने मागे नेतो आणि अंतऱ्याच्या जरा पुढेच सोडतो. गायक अंतऱ्याच्या सुरुवातीला, ट्रॅक पुढे, आणि कन्सोल बिचारं टाइमकोडच्या मागे इमानदारीत धावतं. हळव्या ओळीवर धडाधड लखलखणारे पांढरे स्ट्रोब, आणि ढोलकीच्या तुकड्याला स्टेजवर निळाशार अंधार. मी टाइमकोड तोडून हाताने फेडर ओढत बसतो.

कार्यक्रम संपल्यावर आयोजक खांद्यावर हात ठेवून म्हणतात, “लाइट जरा मागेपुढे होत होते, नाही का?”