हाकी मधुबुटी: कवी आणि प्रकाशक

दलित साहित्याच्या निमित्ताने मराठीत अमेरिकेतील कृष्णवर्णीय कवितेविषयी पुष्कळ लिहिले गेले, पण ती कविता छापली कोणी, याचा विचार मात्र फारच थोडा झाला, असे मला वाटते. शिकागोचे हाकी मधुबुटी यांच्याविषयीही हेच होते. त्यांच्या आक्रमक कवितांवर लिहिणारे त्यांच्या प्रकाशनसंस्थेचा उल्लेख एका ओळीत उरकतात. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम त्या एका ओळीतच आहे.

१९४२ साली लिटल रॉक येथे जन्मलेले आणि डेट्रॉइटमध्ये वाढलेले मधुबुटी (मूळ नाव डॉन एल. ली) १९६० मध्ये सैन्यात भरती झाले. त्यांच्या हातात कृष्णवर्णीय गायक पॉल रॉबसन यांचे पुस्तक पाहून गोऱ्या सार्जंटने ते हिसकावले, पाने फाडली आणि शौचासाठी वापरा म्हणून ती इतर रंगरूटांना वाटून टाकली. हा प्रसंग त्यांनी स्वतःच सांगितला आहे, आणि पुस्तके आपल्या लोकांच्या मालकीच्या संस्थेतूनच निघाली पाहिजेत, हा त्यांचा पुढचा आग्रह मला त्यापासून वेगळा काढता येत नाही.

१९६७ मध्ये त्यांनी पहिला संग्रह स्वतः छापून रस्त्यावर उभे राहून विकला. त्याच वर्षी जोहारी अमिनी आणि कॅरोलिन रॉजर्स या कवयित्रींना सोबत घेऊन, चारशे डॉलर आणि एक जुने सायक्लोस्टाइल यंत्र एवढ्या भांडवलावर, शिकागोच्या एंगलवुड वस्तीतील आपल्या तळघरातल्या घरात त्यांनी थर्ड वर्ल्ड प्रेस सुरू केली. त्या काळातील त्यांच्या काही कवितांत उपदेश फार आहे, हे मान्यच करावे लागेल. मात्र त्या मोठ्याने, जमावासमोर म्हणण्यासाठी लिहिलेल्या आहेत, हे विसरून त्यांचे मोल ठरवणे अन्यायाचे आहे.

ग्वेंडोलिन ब्रूक्स यांचा निर्णय तर मला विलक्षण वाटतो. १९५० मध्ये पुलित्झर हा अमेरिकेतील मानाचा पुरस्कार मिळवणारी ही पहिली कृष्णवर्णीय लेखिका. हार्पर अँड रो या बड्या संस्थेकडे आपली पुस्तके सहज निघत असताना त्यांनी ती सोडली आणि आधी डेट्रॉइटच्या ब्रॉडसाइड प्रेस या कृष्णवर्णीयांच्या छोट्या संस्थेला व नंतर, वयाने पंचवीस वर्षांनी लहान असलेल्या, एकेकाळी आपल्याच कार्यशाळेत येणाऱ्या मधुबुटींना आपले लेखन दिले. बड्या संस्थेचे वितरण आणि तिच्या पुस्तकांना मिळणारी परीक्षणे यांवर पाणी सोडणे प्रस्थापित लेखकाला किती जड जाते, हे या व्यवहारातले लोक जाणतात.

२००६ मध्ये दूरचित्रवाणीवरील सूत्रसंचालक टॅव्हिस स्माइली यांच्या पुढाकाराने सिद्ध झालेले, कृष्णवर्णीयांच्या प्रश्नांवरील एक पुस्तक थर्ड वर्ल्ड प्रेसने काढले आणि ते न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. मधुबुटींवर यापुढे लिहिणाऱ्यांनी त्यांच्या कवितासंग्रहांइतक्याच बारकाईने या संस्थेची ग्रंथसूचीही वाचावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.