प्रमाणपत्र त्या बाईंकडे मागितलेलंच नाही

नमस्कार साहेब,

विकास आराखड्यावरच्या, म्हणजे शहरात घरं, रस्ते, मैदानं कुठे हे ठरवणाऱ्या नकाशावरच्या, हरकती ऐकायला बसणाऱ्यांना आणि प्रभागात लोकांना मदत करणाऱ्या कार्यकर्त्यांना सक्तीचं प्रशिक्षण आणि परीक्षा हवी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया: 'एसीत बसून सोलापूरकरांना शहाणपण शिकवू नका. पदवीवाल्यांनीच शहरं बिघडवली. नाला कुठून वाहतो हे आमच्या वस्तीतल्या बाईला कळतं, तिला सर्टिफिकेट कशाला? शिबिरांची बिलं कोण काढणार तेही सांगा. आणि हरकतीची मुदत ६० नाही, ३० दिवस असते.'

शेवटचं वाक्य बरोबर. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम २६ खाली आपल्याकडे ३० दिवस मिळतात. चूक माझी, लेखात दुरुस्ती केली आहे.

पण 'एसीत बसून' हे मला लागलं. नगररचनेच्या कामात २२ वर्षं गेली, त्यातली बरीचशी हद्दवाढ भागात, हातात टेप आणि भाग नकाशा, म्हणजे आराखड्याचा त्या भागापुरता नकाशा, घेऊन. मुद्दा पटला नाही तर मुद्दा खोडा. माणूस माहीत नसताना त्याला एसी खोलीत नेऊन बसवणं ही वाद घालायची रीत नव्हे.

आता त्या बाईंबद्दल. त्यांच्याकडे प्रमाणपत्र मागा, असं एक वाक्य माझ्या लेखात दाखवा. मी ते मागितलं त्यांच्यासमोर खुर्चीवर बसणाऱ्याकडे. नाला त्यांना माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे, यात शंकाच नाही. सोलापूरचा ओढा वर्षातले आठ महिने कोरडा. सर्वेक्षण एप्रिल-मे मध्ये झालं की काळ्या जमिनीतला तो खोलगट पट्टा नकाशावर सरळ 'शेती' म्हणून उतरतो. पुढे त्यावर निवासी पिवळा रंग चढतो. चूक होते ती इथे, आणि ती पकडायला त्या बाईच लागतात.

पण त्या बाई अर्जात काय लिहितात? 'आमच्या घरामागे नाला आहे, तरी दखल घ्यावी.' सुनावणीत हा अर्ज दोन मिनिटांत 'मोघम' म्हणून निकालात निघतो, कारण घरामागे म्हणजे कोणत्या गट नंबरात, हे समितीला कळत नाही. तिथेच प्रशिक्षण घेतलेला कार्यकर्ता कामी येतो. त्याने सात-बारा काढायचा आणि पोटखराब 'ब' चा, म्हणजे लागवडीखाली नसलेल्या सार्वजनिक वापराच्या जमिनीचा, रकाना बघायचा. वाट, ओढा, तळं यांखालची जमीन तिथे नोंदलेली असते. ती नोंद सापडली तर निम्मी लढाई जिंकली. मग भाग नकाशाच्या प्रतीवर लाल पेनाने ओढ्याची रेघ, पावसाळ्यातला एक फोटो, आणि मागणी एकाच वाक्यात: अमुक गटातून अमुक मीटर रुंदीचा नाला दाखवावा व त्यावरील निवासी वापर काढावा. रेघ बारीक हवी. १:५००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५ मीटर. जाड मार्करने ओढली तर शेजारच्या माणसाचं घर नाल्यात जातं आणि उद्या तोच तुमच्याविरुद्ध हरकत घेऊन उभा राहतो.

आणि समोर बसणारे? त्याच कायद्याचं कलम २८ काढून वाचा. हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत पालिकेचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जण. त्या चौघांना नियोजनाचं किंवा पर्यावरणाचं विशेष ज्ञान वा अनुभव हवा, असं कायदा म्हणतो. तिघांकडून काहीच मागत नाही. मत मात्र सातही जणांचं. १२ मीटरचा रस्ता १२ फूट समजून 'एवढ्याने काय होतंय' म्हणणारा सदस्य जवळजवळ ४० फुटांवर शिफारस करून मोकळा होतो. मैदानाचं आरक्षण एका गटावरून उचललं की ते शेजारच्या गटावर जाऊन पडतं, आणि त्या शेतकऱ्याला ते कळेपर्यंत त्याचे ३० दिवस उलटलेले असतात. निवडून येणं म्हणजे नकाशा वाचता येणं नव्हे. हे म्हणण्यात लोकांचा अपमान कुठे आला?

पदवीवाल्यांचं म्हणाल तर २०२१ चा नीती आयोगाचा अहवाल बघा. देशभरातल्या राज्य नगररचना विभागांत नियोजनकारांची ४००० सुद्धा पदं मंजूर नाहीत, त्यातली निम्मी रिकामी, आणि कित्येक राज्यांत या पदाला नियोजनाची पदवी आवश्यकही नाही. तेव्हा शहरं कुणी बिघडवली, याचा हिशेब तुम्हीच पुन्हा मांडा.

बिलांबद्दल जास्त लिहीत नाही. मी मंडप आणि जेवणावळी सुचवल्याच नव्हत्या. तीन दिवस पुरतात: एक दिवस नकाशा हातात घेऊन सोलापूरच्या मजरेवाडी किंवा बाळे भागात पायी फिरणं, एक दिवस कलमं, एक दिवस सरावाची सुनावणी. परीक्षेत एक गट नंबर, एक भाग नकाशा आणि एक हरकत द्यायची. अर्ध्या तासात जागा शोधून, मोजून, पाच ओळींचं कारण लिहून दाखवायचं. ज्याची स्वतःची किंवा नातेवाइकाची जमीन त्या भागात आहे, त्याने त्या हरकतीला उठून बाहेर जायचं, हेही तिथेच शिकवायचं. नापास झालेल्याने पुन्हा बसावं. यशदासारखी सरकारी प्रशिक्षण संस्था पुण्यात आहे, अभ्यासक्रम बांधायला तिची मदत घेता येईल.

तुमच्या वस्तीतला तो नाला खरंच नकाशावर नसेल तर गट नंबर इथेच लिहा. सात-बारावरची पोटखराबाची नोंद कशी वाचायची आणि अर्जात कुठे घालायची, ते त्याखालीच लिहून देतो. अर्जावर सही मात्र त्या बाईंचीच घ्या, तुमची नको.