दुखत नसलेल्या दाढेचे अंदाजपत्रक

जी दाढ कधी दुखली नाही, तिच्यासाठी फिलिंग आणि ‘पुढे लागल्यास रूट कॅनाल व कॅप’ असे छापील अंदाजपत्रक हाती पडले की माणूस दुसऱ्या दंतवैद्याकडे जातो. तसा मी कोथरूडहून सदाशिव पेठेत गेलो. दाढेच्या खाचेत एक तपकिरी रेघ होती, पहिल्या डॉक्टरांनी तीत टोकदार सळई रुतवून ‘अडकतंय’ असे जाहीर केले होते, आणि तेवढ्यावर माझी दाढ किडकी ठरली होती.

नंबर येईपर्यंत शेजारी एक काका होते. त्यांची कवळी मांडीवरच्या रुमालात होती, त्यामुळे बोलण्यातील ‘स’ आणि ‘श’ एकत्र नांदत होते.

“काय झालंय?”

“कीड आहे की नुसता डाग, ते ठरवायचंय.”

“आ करा.”

मी आ केला. का केला, हे मला अजूनही सांगता येत नाही. काकांनी मोबाइलची बॅटरी लावली आणि पलीकडच्या बाईंनाही पाहायला बोलावले.

“दुखतंय?”

“नाही.”

“म्हणजे आत मुरलीय.”

“आणि दुखत असती तर?”

“मग प्रश्नच नव्हता. राहता कुठे?”

“कोथरूडला.”

यावर त्यांनी बाईंकडे अशा काही नजरेने पाहिले की निदान तिथेच पूर्ण झाले. मी म्हणालो, “काका, पण तुम्हाला यातलं...”

“माझे सगळे दात गेलेत. अनुभव कोणाला जास्त, तुम्हाला की मला? खणू देऊ नका. आमच्या गल्लीतला रस्ता बघा. ड्रेनेजसाठी खणला, बुजवला, खचला, परत खणला. दर वेळी खड्डा आधीपेक्षा मोठा.”

संताप याचा आहे की हे बरोबर निघाले. आत डॉक्टरांनी दाढ हवेने कोरडी करून पाहिली, एक्स-रे काढला आणि सांगितले की एनॅमलला, म्हणजे दातावरच्या कठीण कवचाला, खड्डा पडलेला नाही, त्याखालच्या डेंटिनच्या थरापर्यंत काही पोहोचलेले दिसत नाही. खाच अरुंद असली तर निरोगी दाढेतही सळई अडकते, आणि कीड खरोखरच सुरू झालेली असली तर मऊ पडलेला पृष्ठभाग त्या टोचण्यानेच फुटू शकतो. सुरुवातीच्या किडीत एनॅमलमधून गेलेली खनिजे लाळ आणि फ्लोराइड यांच्या मदतीने काही प्रमाणात परत येतात. भोक पडले की मात्र ते आपोआप बुजत नाही. फिलिंगही जन्मभर टिकेलच असे नाही, आणि ते बदलताना दाढ आणखी कोरली जाते. तेव्हा सध्या फ्लोराइडचे व्हार्निश लावायचे आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे.

बाहेर काका थांबलेलेच होते. “काय म्हणाले?”

“लक्ष ठेवायचं.”

“किती घेतले?”

मी आकडा सांगितला. काकांनी शांतपणे कवळी बसवली आणि ‘स’ला ‘स’ म्हणत उच्चारले, “सल्ला मी फुकट दिला होता.”

लक्ष ठेवणे म्हणजे प्रत्यक्षात माझ्या चहावर आलेली बंदी आहे. आम्लता वाढून तोंडातील पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात, आणि गोड खाल्ल्या-प्यायल्यानंतर लाळेला तो सावरायला अर्धा तासही लागू शकतो. म्हणजे साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा तोंडात गेली, याचा हिशेब मोठा. अमृततुल्यचा कटिंग दिवसभर पुरवून पिणाऱ्या माणसाला हे सांगणे सोपे आहे, विशेषतः सांगणाऱ्याच्या टेबलावर स्वतःचा चहा वाफाळत असताना. ब्रश झाल्यावर फेस नुसता थुंकायचा, खळखळून चूळ भरायची नाही, कारण फ्लोराइड वाहून जाते, हेही नवीनच. लहानपणी चूळ भरली नाही म्हणून मी मार खाल्लेला आहे.

ते एक वेळ सोसेन. पण दोन पदवीधर एकाच दाढेकडे पाहून एक ‘खणा’ म्हणतो आणि दुसरा ‘खणू नका’, पैकी खणण्याचे पैसे मोठे मिळतात आणि न खणण्याचे फक्त तपासणीपुरते, तेव्हा निवाडा करायचा कोणी? ज्याला स्वतःची ती दाढ आरशातही धड दिसत नाही, त्याने. आणि विचारले, तर दोघेही तितक्याच सौजन्याने सांगतात की शेवटी निर्णय तुमचा.