सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या माणसाला संकष्टी कधी आहे हे ठाऊक नसलं तरी चालतं, पण अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, हे झोपेतही सांगता यावं लागतं. आपल्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार, हेही ठाऊक असलेलं बरं. पण ते पाठ करून उपयोग नाही, कारण ते बदलतं. या तिन्हींचा मेळ घालून पाहुण्यांना गाव दाखवायचं म्हणजे लग्नाचा मुहूर्त काढणं परवडलं. तिथे निदान गुरुजी असतात.

पाहुणे येतात ते हमखास शनिवारी रात्री. रविवारी ‘आज जरा पाठ टेकतो’ म्हणतात. सोमवारी सकाळी अंघोळी उरकून, बुटांच्या नाड्या आवळत विचारतात, “मग, आज अजिंठा ना?” बंद आहे म्हटलं की आपल्याकडे असे बघतात, जणू लेण्यांच्या किल्ल्या आपणच रात्री उशाखाली ठेवल्यात.

दिवाळीनंतर डोंबिवलीहून हिची मावशी, काका, त्यांचा मुलगा, सून आणि नातू असे सगळे आले. मी आधीच कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आराखडा काढून ठेवला होता. काकांनी चष्मा लावून तो वाचला, “व्यवस्थित आहे हो जावईबापू,” म्हणाले आणि घडी घालून खिशात टाकला. त्यानंतर तो कोणी पाहिला नाही.

सोमवारी वेरूळ ठरलं. लेण्यांच्या जवळच घृष्णेश्वर आहे. मावशींनी गाडीत बसता बसताच जाहीर केलं, “आधी दर्शन. सोमवार, त्यात ज्योतिर्लिंग. योग आहे.” योग त्या दिवशी अर्ध्या महाराष्ट्राला आला होता. रांग सरकता सरकेना. शेवटी गाभाऱ्याजवळ पोचलो, तर पुरुषांनी कमरेवरचे कपडे काढून आत जायचं हा तिथला नियम. काकांनी सकाळच्या गारठ्याच्या धास्तीने शर्टाच्या आत स्वेटर, स्वेटरच्या आत बंडी आणि बंडीच्या आत बनियन असा बंदोबस्त केलेला. मागची रांग ‘हर हर महादेव’ करतेय आणि काका एकेक थर उतरवून माझ्या हातात देताहेत. देवाच्या दारी मी दोरीवरच्या वाळवणासारखा उभा होतो.

लेण्यांपाशी पोचलो तेव्हा उन्हं उतरू लागली होती. वेरूळला 34 लेणी आहेत: बारा बौद्ध, सतरा हिंदू, पाच जैन. पाहुण्यांच्या लेखी एकच, सोळा नंबर. कैलास बघून मान दुखली की ते विचारतात, “झालं ना?” कैलास थोर आहेच. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणायचा, चुकलेली छिन्नी परत घेता येत नाही. नातवालासुद्धा ते पटकन कळलं. (“मग खोडरबर नव्हता?” असं त्याने विचारलं. मला इतक्या नेमक्या शब्दांत ते कधी सांगता आलं नव्हतं.) पण माझा जीव अडकतो दहा नंबरमध्ये. त्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात. छताला लाकडी वासे असावेत अशा दगडी फासळ्या कोरल्यात. लाकडाची काहीएक गरज नसताना कारागिराने लाकडाची आठवण दगडात ठेवलीय. हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो आणि प्रत्येक पाहुणा त्याच वेळी चहा कुठे मिळेल ते बघत असतो.

परतताना दौलताबादच्या पायथ्याशी सीताफळवाल्यांच्या टोपल्या दिसल्या आणि गाडी थांबली. किल्ल्याकडे सगळ्यांनी खालूनच पाहिलं. मावशींच्या गुडघ्यांनी एकदा वर पाहिलं आणि विषय संपला. मी उभ्याउभ्या मुहम्मद तुघलकाची गोष्ट सांगून घेतली. माझ्या मते पाहुण्यांचा कार्यक्रम आखून फसलेला या परिसरातला पहिला मोठा माणूस तोच. 1327 च्या सुमारास दिल्लीची माणसं इथे आणली, पुढे परत न्यावी लागली. कारणांत पाण्याची ओरडही होती म्हणतात. ‘पाणी’ हा शब्द माझ्या तोंडून जरा जास्तच कळवळून निघाला असावा, कारण सूनबाईंनी लगेच विचारलं, “तुमच्याकडे आज आलं नाही का?” नातवाने तोवर बिया मोजून मोजून मागच्या सीटच्या फटीत सारल्या होत्या.

मंगळवारी अजिंठा. शंभरेक किलोमीटरचा रस्ता, त्यामुळे पहाटे सहाला निघायचं ठरलं आणि साडेनऊला निघालो. यात कोणाचा दोष नाही, बाथरूम एकच आहे. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी ठेवून तिथल्या बसने पुढे जावं लागतं, मग पायऱ्या. पायऱ्यांशी डोलीवाले उभे असतात. एकाने अदबीने विचारलं, “आजी, डोली?” मावशी म्हणाल्या, “चौघांच्या खांद्यावरून जायची इतकी घाई नाही रे मला.” आणि त्या ज्या निघाल्या, त्या थेट पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर जाऊन थांबल्या. अंधाराला डोळे सरावेपर्यंत कोणी बोललं नाही. मग मावशी हळूच म्हणाल्या, “किती मऊ चेहरा आहे गं.” माझे गेल्या कित्येक वर्षांचे सगळे पाहुणे त्या एका वाक्यात मी माफ केले. माफी सव्विसाव्या लेण्यापर्यंत टिकली. तिथे महापरिनिर्वाणातल्या, आडव्या पहुडलेल्या बुद्धाची ती प्रचंड शिल्पाकृती पाहून काका म्हणाले, “यांनाही दुपारचं लागत असे वाटतं.”

बुधवार शहरासाठी राखला होता. बीबी का मकबरा बघून ‘ताजची कॉपी’ म्हणायचा रिवाज आहे, तो मुलाने पार पाडला. त्यावर माझं ठरलेलं उत्तर असतं: तुलना करायचीच तर पैशांची करा. औरंगजेबाच्या बेगमेसाठी, दिलरास बानूसाठी, बांधलेल्या या कबरीचा खर्च 6,68,203 रुपये 7 आणे असा नोंदलेला आहे. काका बँकेतून निवृत्त झालेले. ते जागीच उभे राहिले. “सात आणे?” संगमरवर, जाळ्या, कारंजी, कशाकशाचं त्यांना कौतुक वाटलं नव्हतं, सात आण्यांनी मात्र गहिवर आला. “म्हणजे हिशेब जुळला होता हो यांचा,” असं ते पाणचक्कीपर्यंत म्हणत होते.

पाणचक्कीला पाहुण्यांना नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण घरून फार लांब नाही आणि चढ नाही, म्हणून न्यावंच लागतं. तिथे पाटी वाचून पाहुण्यांना कळतं की दूरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून इथवर आणलं आणि त्यावर दळणाचं जातं फिरवलं. सतराव्या शतकात मलिक अंबरने या गावासाठी बांधलेल्या नहरींचीही गोष्ट निघते. मग पुढचा प्रश्न येतो. तो काकांनी विचारला, सूनबाईंनी विचारला आणि शेवटी नातवानेही विचारला: “मग तुमच्याकडे रोज का येत नाही?” मी हौदातल्या माशांकडे बघत राहिलो.

पैठणीबद्दल थोडक्यातच सांगतो. मावशी ‘नुसती बघायला’ गेल्या होत्या. आम्ही पुरुष दुकानातल्या बाकावर बसून दोन वेळा चहा प्यायलो. मोर की कमळ यावर एकमत झालं तेव्हा बाहेर दिवे लागले होते आणि गुडघ्यांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

गुरुवारी निघण्याआधी राहिलेला दौलताबाद उरकू, निदान चांद मिनारपर्यंत तरी जाऊ, असं मी म्हणत होतो. पहाटे पाचला शेजारच्या वहिनींची हाक आली, “आलं हो, आलं!” घरात एकच धांदल. मोटर, हौद, गच्चीवरची टाकी, ड्रम, कळशा, शेवटी कुकरसुद्धा. डोंबिवलीकर उठून बसले. मला वाटलं, चिडतील. काकांनी लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला, माझ्या हातातला पाइप काढून घेतला आणि गच्चीवर उभं राहून “बंद कर! चालू कर! अरे, वाहतंय!” अशा आज्ञा सोडायला सुरुवात केली. नातू प्रत्येक भांडं भरलं की टाळी वाजवत होता. मावशी खाली हौदाशी बसून शेजारणींकडून गल्लीची सगळी माहिती काढून घेत होत्या. मोटर बंद झाली तेव्हा आठ वाजले होते. किल्ल्याचं नाव कोणी काढलं नाही.

गाडीत बसल्यावर काकांनी नातलगांच्या ग्रुपवर फोटो टाकले. कैलास लेण्याला चार अंगठे मिळाले, पद्मपाणीला तीन. पाइप धरून उभ्या असलेल्या काकांच्या फोटोखाली मात्र चर्चा रंगली. रात्री हिच्या नागपूरच्या आत्यांचा फोन आला. लेण्यांचं काही विचारलं नाही. म्हणाल्या, “पुढचं पाणी कोणत्या दिवशी रे? सांगून ठेव, त्या हिशेबाने तिकिटं काढतो.”