कोरियात महिन्याला किती उरतात?

परवा माझ्या मामांनी फॅमिली ग्रुपवर सगळ्यांच्या देखत टाकलं, "जावईबापूंचा पगार ३२ लाख झाला म्हणे, अभिनंदन!" खाली लगेच टाळ्यांचे इमोजी, दोघांचं "पार्टी कधी", आणि एका काकूंनी तर थेट भाच्याचा बायोडेटाच पाठवला मला पर्सनलवर, तिकडं कुठं चिकटतोय का बघ म्हणून. आता मामा खोटं काही बोलले नाहीत. पगार ३२ लाखच आहे, तोही वर्षाचा नाही, महिन्याचा. फक्त ते वॉन आहेत.

तर एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक चिकटवायला बरं. आम्ही दक्षिण कोरियात देजॉनला राहतो. सोलपासून केटीएक्स या वेगवान ट्रेनने तासाभरावर, तिकीट २३,७०० वॉन. साडेचौदा लाखांच्या आसपास वस्ती, रिसर्च इन्स्टिट्यूट पायलीच्या पन्नास, कायस्ट ही विज्ञान-तंत्रज्ञानाची नावाजलेली युनिव्हर्सिटी इथंच, त्यामुळं पीएचडी-पोस्टडॉकवाली आपली पोरं बरीच. नवरा पोस्टडॉक आहे, म्हणजे पीएचडीनंतरचा संशोधक, मी सांगलीत एका सहकारी बँकेत होते, आता घरी. कोरियन लोक या शहराला 'नोजॅम' शहर म्हणतात, म्हणजे काही मजाच नाही असं. मी म्हणते बरंय की, मजा नसली की भाडं कमी असतं.

हिशोबाला सोपं म्हणून वॉनला १६ ने भागा, रुपये येतील अंदाजे. पण त्याआधी आकडे वाचायला शिकावं लागतं. हे लोक लाखात मोजत नाहीत, 'मान'मध्ये मोजतात, एक मान म्हणजे १० हजार. बुदोंगसान म्हणजे घर बघून देणाऱ्या एजंटचं दुकान, त्याच्या काचेवर नुसतं लिहिलेलं असतं ५००/४५. मला आधी वाटलं स्क्वेअर फूट वगैरे असेल. तर ५०० मान डिपॉझिट, ४५ मान भाडं. म्हणजे ५० लाख वॉन आधी भरा, मग महिन्याला साडेचार लाख वॉन, आपले २८ हजार. एका खोलीचं बरं का हे. आत फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी, गॅस सगळं असतं, पण पलंगावरून पाय खाली सोडला की तो किचनमध्ये.

भाड्याचं मला एवढं काही वाटत नाही, पुण्यात बाणेर-हिंजवडीला लोक देतातच की तेवढं. मारतं ते डिपॉझिट. नवरा २०२२ ला एकटा आला तेव्हा पहिला पगार व्हायला महिना होता आणि तीन लाख रुपये आधी मोजायचे होते. कुठनं आणणार? माझी एफडी मोडली. हे कुठल्याही यूट्यूबवाल्याने सांगितलं नव्हतं, ते सगळे आपले कन्व्हीनियन्स स्टोअरमधलं रामेन, म्हणजे नूडल्स, किती स्वस्त ते दाखवण्यात दंग. जॉनसे म्हणून अजून एक प्रकार असतो, त्यात महिन्याचं भाडंच नाही पण सुरुवातीला डोंगराएवढी रक्कम मालकाकडं ठेवायची आणि जाताना परत घ्यायची. ऐकायला झकास. २०२३ ला त्या पैशांच्या फसवणुकीची प्रकरणं देशभर बाहेर आली, आमचं देजॉनही त्यात होतं, सरकारला खास कायदा करायला लागला. त्यामुळं नवीन आलेल्यांना मी हात जोडून सांगते, वोल्से घ्या, महिन्याचं भाडं भरा, आणि तालुक्याच्या ऑफिसात पत्ता नोंदवून घ्या, आळस करू नका.

आणि डिपॉझिट परत मिळतं म्हणतात ते मिळतं, पण कसं मिळतं ते सांगते. मी आणि लेक आलो २०२४ ला, दोन महिने त्याच एका खोलीत तिघं काढले, मग मोठी जागा बघितली. सोडायच्या दिवशी मालक आले. सत्तरीचे असतील, स्वभावाने चांगले, लेकीला नेहमी चॉकलेट द्यायचे. बूट काढून आत आले, खिडक्या बघितल्या, नळ सोडून बघितले, आणि मग गॅसच्या मागच्या भिंतीजवळ जाऊन उभे राहिले. तिथल्या वॉलपेपरवर बोट फिरवलं, बोट नाकाला लावलं, आणि माझ्याकडं बघून एकच शब्द, "खारे." म्हणजे करी. दोन महिन्यांची मोहरी-हिंगाची फोडणी त्या भिंतीत मुरलेली. मी वास घेतला तर मला घरासारखा आला, काय बोलणार. नवीन वॉलपेपरचे म्हणून ४० मान कापले. २५ हजार रुपये! फोडणीचे! सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, "त्यापेक्षा खिडकी उघडायची ना गं." जानेवारीत? उणे ८ मध्ये?

आता कौतुकाचंही सांगते, नाहीतर म्हणाल ही नुसती रडतीये. आजारपण इथं खरंच स्वस्त पडतं. पगारातून हेल्थ इन्शुरन्सचे महिन्याला सव्वा लाख वॉनच्या आसपास जातात, आम्ही दोघी त्यातच. लेकीला ताप आला की खालच्या दवाखान्यात न्यायचं, चार-पाच हजार वॉनमध्ये डॉक्टर आणि औषधं दोन्ही, एकेका वेळच्या पुड्या बांधून देतात. अपॉइंटमेंट नाही काही नाही. टाशू म्हणून हिरव्या सायकली आहेत शहरभर, पहिला तास फुकट. बस दीड हजार वॉन, आणि बस बदलली तरी परत पैसे नाहीत. हॉटेलात पाणी आणि बानचान, म्हणजे तोंडीलावणी, मागाल तेवढं, टिप द्यायची पद्धतच नाही. आईस अमेरिकानो दोन हजाराला आणि तो एवढा मोठा ग्लास. एकट्या माणसाने दुपारी ऑफिसच्या कॅन्टीनला सहा हजारात जेवावं, रात्री गिमबाप, म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेला भाताचा रोल, खावा, कॉफी प्यावी, एका खोलीत झोपावं, तर देजॉन अजिबात महाग नाही. कोरियन पोरंपोरी तसंच राहतात. नवऱ्याची दोन वर्षं तशीच गेली आणि चांगले पैसे साठले त्याचे.

सगळा घोटाळा आपण आपल्यासारखं राहायला लागलो की सुरू होतो.

मी शाकाहारी. गिमबापवाल्या मावशींना म्हणायचं हॅम काढून द्या, त्या हसत काढून देतात, पैसे तेवढेच. कोथिंबिरीला गोसू म्हणतात, इकडच्या बऱ्याच लोकांना तिचा साबणासारखा वास येतो म्हणे, त्यामुळं मिळते ती इवल्याशा प्लॅस्टिकच्या डबीत दहा-बारा काड्या, तीन हजार वॉन. आपली भाजीवाली जी मुठीने वर टाकते ना, ती! तूरडाळ, पोहे, हिंग हे सगळं ऑनलाईन इंडियन दुकानातून, डाळ जवळपास साडेतीनशे रुपये किलो पडते. मिरची मात्र इथली फर्स्टक्लास, चॉंगयांग नावाची, ठेचा झकास होतो.

आणि फळं. फळांबद्दल तर बोलायलाच नको. मी आले त्या वर्षीच्या मार्चमध्ये सफरचंदाने आग लावली होती, २०२३ ला बहराच्या वेळी थंडी पडून पीक ३० टक्क्यांनी घटलेलं, आणि रोगकिडीच्या नियमांमुळं बाहेरून सफरचंद येत नाही, त्यामुळं भाव वर्षभरात ८८ टक्क्यांनी चढलेला. सुपरमार्केटमध्ये एकेक सफरचंद वेगळं गुंडाळून ठेवलेलं, जाळीदार टोपी घालून, जावयाला बसवतात तसं. लेकीने बोट दाखवलं, मी एक घेतलं, घरी येऊन चार फोडी केल्या, तिने अर्धी खाल्ली आणि उरलेली सोफ्याखाली. ५० रुपये सोफ्याखाली!

त्याच मार्चमधली अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष युन सुक योल एका मार्टमध्ये गेले, तिथं पातीच्या कांद्याच्या जुडीवर ८७५ वॉनची चिठ्ठी, ते म्हणाले भाव रास्त वाटतो. अहो ती जुडी बाहेर तीन-चार हजाराला होती, तिथं सबसिडी आणि डिस्काउंट लावून ८७५ केलेली. झालं, १० एप्रिलच्या निवडणुकीत विरोधक सभांना पातीचा कांदा हातात धरून उभे, आणि निवडणूक आयोगाला सांगायला लागलं की मतदान केंद्रात कांद्याची जुडी आणू नका. मी नवऱ्याला म्हणलं, एवढ्या लांब येऊनसुद्धा कांदाच. निवडणूक विरोधकांनी जिंकली. एकट्या कांद्याने नाही, पण कांद्याचा वाटा मी तरी मोजते.

भाजीचा माझा तोडगा म्हणजे युसोंगचा बाजार. ज्या तारखेच्या शेवटी ४ किंवा ९ असतो त्या दिवशी भरतो, आपल्या आठवडी बाजारासारखाच, फक्त पाच दिवसांनी. पाठीत वाकलेल्या हालमोनी, म्हणजे आज्या, पुढ्यात लाल प्लॅस्टिकच्या पाट्यांत पालेभाज्या, लसूण, रताळी, तीन हजाराला पाटी. मला तिथं बरं वाटतं. एक हालमोनी आहे, मी पालक घेतला की ती वर एक मूठ टाकते आणि "सर्विस" म्हणते. कोरियनमध्ये फुकट दिलेल्याला सर्विसच म्हणतात. घासाघीस करायची नाही, उभं राहायचं, लेकीला पुढं करायचं. लेकीवर मला महिन्याला निदान दोन किलो रताळी सुटतात.

बाकीचं भराभर. आता दोन खोल्यांचं घर आहे, १०००/६०. हजार मान म्हणजे एक कोटी वॉन डिपॉझिट, हे मामांना कुणी सांगू नका प्लीज. मेंटेनन्स ७० हजार. हिवाळ्यात जमिनीखालून गरम पाणी फिरतं, ओन्दोल म्हणतात, पायाला स्वर्ग आणि गॅसचं बिल दीड लाख. कचऱ्याच्या पिशव्यासुद्धा पालिकेच्याच, विकत घ्यायच्या, ओल्या कचऱ्याचे वेगळे पैसे, त्यामुळं मी कलिंगड आणायचं बंद केलंय, आधी फळाचे द्या मग सालाचे द्या कुणी सांगितलंय.

आणि पाळणाघर. इथल्या मुलांचा ऑरिनीजिपचा खर्च सरकार उचलतं. आपण परदेशी, आपली पोरं त्यात बसत नाहीत, काही शहरं स्वतःच्या तिजोरीतून मदत करतात पण आमच्या दोन वर्षांच्या लेकीला काही लागू झालं नाही. महिन्याला चार लाख वॉन भरले आम्ही. म्हणजे एकाच वर्गात एकाच वाटीतलं सूप पिणाऱ्या दोन पोरींपैकी एकीचं बिल येतं. जन्मदर वाढावा म्हणून एवढं डोकं फोडून घेणारं सरकार, आणि आयतं हसतंखेळतं पोर दारात आलंय त्याचं बिल काढतं, मला हे काही केल्या पटत नाही. टॅक्स तर आम्हीही भरतोच.

मग पाळणाघरात घातलंच कशाला, तू घरीच असतेस ना, असं दोघी-तिघींनी विचारलं. भाषा यावी म्हणून. मलाही सकाळी कोरियनच्या क्लासला जाता यावं म्हणून. कारण माझा व्हिसा एफ-३, अवलंबित. त्यावर परवानगीशिवाय काम करता येत नाही, आणि परवानगी सहजासहजी मिळत नाही. इथं रामेनच्या दुकानात भांडी घासली तरी ताशी १० हजार वॉनच्या वर कायद्याने द्यावे लागतात, आणि मी १० वर्षं कर्जखातं सांभाळलेली बाई ते दुकान काचेतून बघते.

आता बेरीज. कापून हातात २८ लाख. भाडं आणि मेंटेनन्स ६ लाख ७०. गॅस-वीज सरासरी सव्वा लाख. फोन-इंटरनेट ८० हजार. पाळणाघर ४ लाख. खाणंपिणं आणि घरातलं किडुकमिडुक ८ लाख. जाणं-येणं, कपडे, लेकीची खेळणी, कधीतरी सॉंगशिमदांग बेकरीचे तळलेले सोबोरो पाव, ती बेकरी फक्त देजॉनमध्येच आहे त्यामुळं पाहुणा आला की न्यायलाच लागतं, असे सव्वा लाख. उरले ६ लाख वॉन. १६ ने भागा. साडेसदतीस हजार रुपये.

सांगलीला मी नोकरी सोडली तेव्हा माझ्या हातात ३८ पडत होते.

हे मी वहीत लिहिलं त्या रात्री नवऱ्याला दाखवलं, तो बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला, पेन्शनचे कापतात ते कायमचं परत जाताना मिळतात की आपल्याला. मिळतात, खरंय, भारतीयांना ते मिळतात. तेही वहीत लिहिलं, पेन्सिलने.

त्यामुळं काकू, भाचा एकटा येत असेल तर डोळे मिटून पाठवा, त्याचे चांगले उरतील. बायको-पोरासकट येत असेल तर आधी त्याच्या बायकोला मला फोन करायला सांगा, त्याला नको. आणि येताना कुकरच्या दोन रिंगा घेऊन यायला सांगा, पाच लिटरच्या. इथं घराघरात भाताचा बोलणारा कुकर आहे, भात झाला की बाई गोड आवाजात सांगते, पण आपल्या शिट्टीच्या कुकरची रिंग अख्ख्या देजॉनमध्ये मिळत नाही, आणि माझी गेल्या आठवड्यापासून वाफ सोडतीये.