मत चुकलं तर तुरुंग?

अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने २०१३ साली एक कायदा केला. घटनादुरुस्ती सुचवण्यासाठी राज्यांचं अधिवेशन कधी भरलंच, आणि त्यात इंडियानाच्या प्रतिनिधीने विधिमंडळाच्या सूचना डावलून जाणूनबुजून मत दिलं, तर ते मत बाद, त्याची नेमणूक रद्द, आणि वर फौजदारी खटला. आजच्या वर्गवारीत हा ‘लेव्हल ६’चा गुन्हा आहे, म्हणजे सहा महिने ते अडीच वर्षं कैद. असं मत द्यायचा नुसता प्रयत्न केला तरी तेच. नंतर इतरही काही राज्यांनी या वाटेने जाणारे कायदे केले. पहिल्या दोन गोष्टी मला मान्य आहेत. तिसरी अजिबात नाही.

गंमत म्हणजे असं अधिवेशन आजवर एकदाही भरलेलं नाही. अमेरिकेच्या घटनेतल्या पाचव्या कलमात ही वाट आहे: ५० पैकी ३४ राज्यांनी मागणी केली की काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, अधिवेशन बोलवायचं. पण आजवरच्या सगळ्या २७ दुरुस्त्या काँग्रेसनेच सुचवलेल्या आहेत. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र, केंद्राचे अधिकार आणि खर्च आवरायला अशा अधिवेशनाची मागणी करणारी चळवळ उभी राहिली. २०२२ पर्यंत १९ राज्यांनी तिचा ठराव केला होता. त्यावर विरोधकांचा सवाल असा, की एकदा बसलेली मंडळी सगळी घटनाच उचकटायला लागली तर? इंडियानाचा कायदा हे त्या भीतीला दिलेलं उत्तर आहे.

भीती काही हवेतली नाही. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात जमलेल्या ५५ जणांना काँग्रेसने बोलावलं होतं ते राज्यांना बांधून ठेवणारा जुना करारनामा दुरुस्त करायला. त्यांनी दारं लावून घेतली, करारनामा बाजूला सारला आणि नवी घटनाच लिहिली. करारनाम्यात बदल करायला १३ च्या १३ राज्यांची संमती लागायची, यांनी ‘९ पुरेत’ असं परस्पर लिहून टाकलं. न्यू यॉर्कची नेमणूक तर दुरुस्तीपुरतीच होती. त्यांचे दोन प्रतिनिधी वैतागून जुलैमध्ये निघून गेले, तिसऱ्या प्रतिनिधीने, अलेक्झांडर हॅमिल्टनने, शेवटी सही ठोकली. इंडियानाचा नियम तेव्हा असता तर हॅमिल्टनसाहेब आरोपीच्या पिंजऱ्यात दिसले असते. आणि हे कायदे करणारे लोक बहुतेक करून तेच, ज्यांना घटनेचे शिल्पकार देवासमान!

पण त्याच अधिवेशनातली डेलावेअरची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. डेलावेअर म्हणजे टीचभर राज्य. तिथल्या जॉर्ज रीडने स्वतःच्याच आग्रहाने आपल्या नेमणूकपत्रात अट घालून घेतली: प्रत्येक राज्याला एक मत, या नियमाला हात लावायचा नाही. मे महिन्याच्या अखेरीस लोकसंख्येप्रमाणे जागा वाटायचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याने सांगितलं की आमचे हात बांधलेले आहेत, हे असंच चाललं तर आम्हाला कदाचित उठून जावं लागेल. या अटीचा सौदेबाजीत उपयोग झाला. १६ जुलैला तोडगा निघाला: सिनेटमध्ये सगळी राज्यं समान, खालच्या सभागृहात लोकसंख्येनुसार. म्हणजे अट अर्धी पाळली गेली, अर्धी मोडली. आणि ७ डिसेंबर १७८७ ला नव्या घटनेला सगळ्यात आधी, तेही एकमताने, मान्यता दिली ती याच डेलावेअरने. सूचना देणं वाईट नाही, ती छोट्या राज्याची ताकद होती. पण अर्ध्या अटीवर पाणी सोडताना रीडला मागे पोलीस दिसत असते, तर तो तोडगा निघाला असता का?

या कायद्यांचे समर्थक हमखास २०२० चा निकाल पुढे करतात. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत वॉशिंग्टन राज्याच्या तीन इलेक्टर्सनी (राज्यातल्या मतदारांच्या वतीने अध्यक्षपदासाठी मत देणाऱ्या प्रतिनिधींनी) हिलरी क्लिंटन यांच्याऐवजी कॉलिन पॉवेल यांना मत दिलं. राज्याने प्रत्येकी १००० डॉलर दंड केला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने योग्य ठरवला. पण इलेक्टरचं काम पोस्टमनचं आहे. लोकांनी निर्णय आधीच दिलेला असतो, त्याने तो पोचवायचा. घटनादुरुस्तीचा मसुदा मात्र तिथे बसून, वाद घालून, शब्द बदलत ठरायचा असतो. एखादी उपसूचना मूळ विषयात बसते की बाहेर जाते, यावर वकिलांचंही एकमत होणार नाही, आणि चुकीच्या बाजूला हात वर केला म्हणून माणूस गुन्हेगार?

आपल्याकडे हा विषय नवा नाही. १९८५ च्या दहाव्या अनुसूचीने, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, व्हिप (पक्षाचा आदेश) मोडणाऱ्या आमदाराची आमदारकी जाऊ शकते, तुरुंग नाही. तरीही खरा व्हिप कुणाचा, यावर महाराष्ट्रात केवढं रामायण झालं ते आपण पाहिलं. शेवटी मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की व्हिप काढणारा प्रतोद नेमायचा तो राजकीय पक्षाने, विधिमंडळ पक्षाने (म्हणजे नुसत्या आमदारांच्या गटाने) नव्हे. आता यात कैदेची तरतूद असती अशी कल्पना करा.

आणि आपली घटना समिती? २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी काँग्रेस पक्षाच्या शिस्तीला श्रेय दिलं, तिच्यामुळे मसुदा तडीस गेला म्हणाले. त्याच भाषणात त्यांनी त्या शिस्तीला न जुमानणाऱ्या बंडखोरांचेही नावं घेऊन आभार मानले. त्यात ह. वि. कामत होते आणि आपल्या अमरावतीचे पंजाबराव देशमुखही. ज्यांच्या उपसूचनांनी मसुदा समितीला वेळोवेळी भंडावलं, त्यांच्यामुळेच समितीला घटनेमागची तत्त्वं उलगडून सांगायची संधी मिळाली, असा बाबासाहेबांचा सूर होता.

अधिवेशन भरकटलंच तर ब्रेक आहे की. तिथे मंजूर झालेलं काहीही ३८ राज्यांनी मान्य केल्याशिवाय घटनेत जात नाही. म्हणजे फक्त १३ राज्यं अडून बसली तरी सगळं ठप्प. त्यामुळे इंडियानाने प्रतिनिधी परत बोलवावा, त्याचं मत बाद धरावं, हवं तर पुन्हा कधी पाठवू नये. कैदेचं कलम तेवढं काढून टाकावं.