कानसेन व्हायचंय? मग डोळे मिटू नका

तुमच्याकडचा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर आधी पाहुण्यांच्या नजरेआड करा. तो बटण दाबल्याबरोबर वाजतो, फारसा तापत नाही, इतक्या वर्षांत एकदाही दुरुस्तीला गेलेला नाही. अशा वस्तूबद्दल चारचौघांत बोलायचं तरी काय? आणि जिच्याबद्दल तासभर बोलता येत नाही, तिच्यातून आवाज चांगला येईलच कसा?

तेव्हा व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा ॲम्प घ्या. १९४७ च्या डिसेंबरात बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि पुढच्या काही दशकांत घरोघरचे व्हॉल्व्हचे रेडिओ भंगारवाल्याच्या गाडीवर चढले. आता त्यातलेच व्हॉल्व्ह हुडकत तुम्ही मुंबईचा चोर बाजार पालथा घालायचा. खोक्यावर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का दिसला तरी चेहरा कोरा ठेवा. दुकानदार तुमच्या आनंदाचीच वाट बघत असतो.

घ्यायचाच तर ३००बी व्हॉल्व्हचा सिंगल-एंडेड घ्या. एका चॅनेलला एक व्हॉल्व्ह, ताकद सुमारे ८ वॅट. ‘आठच?’ असं कुणी विचारलं तर त्याच्याकडे नुसतं कीव आल्यासारखं बघा. आठ वॅटांत साधे स्पीकर मोठ्या आवाजात धापा टाकतात, म्हणून कपाटाएवढे हॉर्नचे स्पीकर आणावे लागतील, त्या स्पीकरांसाठी मोठा दिवाणखाना आणि दिवाणखान्यासाठी नवा फ्लॅट. एवढं झेपत नसेल तर चार ईएल३४ व्हॉल्व्हचा पुश-पुल, म्हणजे एक ढकलतो तेव्हा जोडीदार ओढतो असा, चालेल. त्याच्या नुसत्या फिलामेंटच (आतल्या तापणाऱ्या तारा) ३८ वॅट खातात, गाणं लावा की न लावा. व्हॉल्व्हच्या आवाजात जी ‘ऊब’ असते म्हणतात, त्यातली आवाजातली किती आणि मे महिन्यात खोलीत साठलेली किती, हा हिशेब करत बसू नका.

ऊब असते, हे मात्र खरं. मोजताही येते, आणि तिथेच तर पंचाईत आहे. स्पीकरवर ८ ओहम छापलेलं असलं तरी त्याचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, दर स्वराला वरखाली होत असतो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला त्याची फिकीर नसते. फीडबॅक (बाहेर पडलेला आवाज परत आत घेऊन चूक सुधारणं) नसलेल्या व्हॉल्व्हच्या ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स जास्त, त्यामुळे स्पीकर नेईल तसा तो वाहवत जातो: इथे खर्ज फुगला, तिथे वरची पट्टी चढली. हाच तो गोलवा. तुमचा मेव्हणा इंजिनिअर असेल तर तो सांगेल की ट्रान्झिस्टरच्या ॲम्पपुढे एक-दोन ओहमचा तगडा रेझिस्टर जोडला की यातला बराचसा गोलवा येतो, आणि असा रेझिस्टर बुधवार पेठेत किरकोळ पैशांत मिळतो. मेव्हण्याला चहा द्या आणि विषय बदला.

विषय बदलायला हार्मोनिक्ससारखं, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांच्या वरच्या स्वरांसारखं दुसरं काही नाही. ‘व्हॉल्व्ह सम हार्मोनिक देतो म्हणून गोड, ट्रान्झिस्टर विषम देतो म्हणून कर्कश’ हे वाक्य पाठ करा. दुसरा हार्मोनिक म्हणजे वरचा षड्ज, तो गोड लागणारच. समोर गाणं शिकलेलं कुणी असेल तर मात्र सांभाळून. तिसरा हार्मोनिक, म्हणजे विषम, हा वरचा पंचम असतो आणि पाचवा गंधार. तंबोरा ज्याच्या जिवावर बोलतो ती ही मंडळी कर्कश कशी, असं ते विचारतील. त्यातून पुश-पुल रचनेत दोन्ही बाजूंचे सम हार्मोनिक एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात. म्हणजे तुमच्या त्या चार ईएल३४ मधून येतो तो मुख्यतः विषमच. हे कळल्यावरही तो गोडच लागला पाहिजे. त्याला साधना लागते.

व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये कधीकधी गुणगुण येते. तिला दोष म्हणू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधारण पेटीवरची पांढरी पाच. गायक पांढरी एकचा असेल तर गुणगुणीचा पंचम मिळतो, आयती साथ. काळी एकचा असेल तर तीच तीव्र मध्यम होते, तेव्हा त्याचा यमन लावा. बागेश्री नको. व्हॉल्व्हला पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली की एखाद्याची स्पीकरमधून ‘टुण्ण’ अशी ओ येते. पाहुण्यांना हे जरूर करून दाखवा, ट्रान्झिस्टरवाल्याला हे जन्मात जमणार नाही. (आतल्या कपॅसिटरांत बटण बंद केल्यावरही ४०० व्होल्ट दडून असू शकतात, तेव्हा झाकण काढून आत बोट घालू नका. एवढं एक वाक्य उपरोधाचं नाही.)

दुसऱ्या, म्हणजे ट्रान्झिस्टरवाल्यांच्या जमातीकडूनही थोडं शिका. १९६०च्या दशकातले ट्रान्झिस्टरचे कित्येक ॲम्प खरोखरच कानात खुपायचे, क्रॉसओव्हर डिस्टॉर्शनमुळे, म्हणजे एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे काम जाताना आवाजाच्या लहरीची होणारी मोडतोड. त्याचा वचपा म्हणून ही मंडळी आता डिस्टॉर्शनच्या आकड्यात दशांशचिन्हानंतर किती शून्यं आहेत ते मोजतात, आणि तो ॲम्प व्हिट्रिफाइड फरशी, उघड्या भिंती आणि खडखडणारा पंखा असलेल्या खोलीत लावतात. यांना गाणं कुणाचं होतं विचारू नका, आकडा विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुलना करायची वेळ आलीच तर आवाजाची पातळी मोजून सारखी करू नका. आपल्या लाडक्या ॲम्पची मूठ केसभर पुढे ठेवा. जरासा मोठा आवाज माणसाला मोठा वाटत नाही, ‘खुललेला’ वाटतो. कोणता ॲम्प वाजतोय हे ऐकणाऱ्याला आधीच सांगा. दिवे मंद करा, म्हणजे व्हॉल्व्हचा नारिंगी उजेड दिसेल. स्वस्तातल्या काही ॲम्पमध्ये व्हॉल्व्हखाली छोटा एलईडी लावलेला असतो, त्यांनी हे मर्म तुमच्याआधी ओळखलं. गाणं मोबाइलवरून ब्लूटूथने येतंय आणि स्टुडिओतच शेकडो ट्रान्झिस्टरांतून गाळून निघालंय, याची वाच्यता नको.

कोणता ॲम्प वाजतोय ते दिसू नये म्हणून कुणी पडदा लावू म्हणेल, तो मात्र लावू देऊ नका. पडद्याने घात होतो. १९८५ साली अमेरिकेत बॉब कार्व्हर या ॲम्प बनवणाऱ्या गृहस्थाने पैज घेतली की आपला स्वस्त ट्रान्झिस्टरचा ॲम्प कुठल्याही महागड्या ॲम्पसारखा वाजवून दाखवतो. ‘स्टिरिओफाइल’ मासिकाने त्याच्यापुढे एक बडा व्हॉल्व्हचा ॲम्प ठेवला. कार्व्हरने दोघांचे आवाज एकमेकांतून वजा करून उरलेला फरक ऐकला, आणि तो जवळजवळ नाहीसा होईपर्यंत आपल्या ॲम्पचे भाग बदलत बसला. मग मासिकाच्या कसलेल्या कानांनी ऐकलं. कुठला कोणता, त्यांना सांगता येईना. बाजारात आलेला त्याचा ॲम्प हुबेहूब तसा नव्हता, अशी कुरबुर पुढे झालीच. तुम्ही तेवढी कुरबुरच लक्षात ठेवा.

मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर बंदी घातली तेव्हा व्हॉल्व्हसाठी जगभर पळापळ झाली होती, तेव्हा व्हॉल्व्हच्या जोड्या जमवून ठेवा. आणि पडदा नि व्होल्टमीटर घेऊन मेव्हणा दारात उभा राहिलाच, तर म्हणा, ‘ये ये, बस. व्हॉल्व्ह अजून तापले नाहीत.’ अर्ध्या तासाने विचारलं तरी हेच सांगा. त्याची शेवटची बस साडेदहाला असते.